पाखराचं अंतर, माणसाचं अंतर

माझा भाचा भामरागडजवळच्या एका आश्रमशाळेत शिकवतो. नोकरी लागल्यापासून त्याचं एकच पालुपद होतं, "मावशी, एकदा ये." यंदा भाद्रपद सरता सरता मी जायचं ठरवलं आणि सवयीप्रमाणे आधी अंतर काढायला बसले. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश हाताशी असले की हवाई अंतर कुणालाही काढता येतं. मुंबईचा विमानतळ ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, भामरागड ८०.६ अंशांच्या आसपास. अक्षांश दोघांचाही सारखाच म्हणावा असा, एकोणिसाच्या किंचित वर. म्हणजे मुंबईहून नाकासमोर पूर्वेला निघालं की महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला भामरागड. उत्तर आलं, साधारण ८१० किलोमीटर.

भाच्याला फोनवर हा आकडा सांगितला, तर तो म्हणाला, "मावशी, हा आकडा पाखराचा झाला. माणसाचा आकडा तू इथं पोचल्यावर सांग."

त्याचं बोलणं मनात घेऊनच मी निघाले. पुढचं सगळं लिहिते आहे ते त्या दुसऱ्या आकड्यासाठी.

पाखराचा आकडा काढायची रीत सोपी आहे. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्यायचा, दोन गावांवर दोन बोटं ठेवायची आणि मधला दोरा ताणून धरायचा. ताणलेला दोरा आपोआप सगळ्यात जवळची वाट धरतो. मुंबई-नागपूरसारख्या जवळच्या गावांना हा दोरा आणि नकाशावरची पट्टीने मारलेली रेघ यांत फरक पडत नाही. मुंबई-लंडनला पडतो. सपाट नकाशावरची सरळ रेघ तिथं लांबची ठरते आणि उत्तरेकडे फुगलेली वाकडी वाट जवळची. ते अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे आणि थेट विमानाला साडेनऊ ते दहा तास लागतात. हा लंडनचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेखांशांच्या फरकातून आणखी एक गोष्ट कळते. एका अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. मुंबई आणि भामरागड यांच्यात पावणेआठ अंशांचा फरक, म्हणजे अर्ध्या तासाचा. घड्याळं एकच वेळ दाखवतात, पण भामरागडला उजाडतं तेव्हा मुंबईत अजून अर्धा तास अंधार असतो. राज्याचा दिवस त्या टोकाला सुरू होतो.

माझा दिवस मात्र घरून पहाटे सव्वातीनला सुरू झाला. नागपूरचं विमान सहाचं, आणि विमानतळावर आधी जाऊन थांबणं आलंच. तिकिटावर छापलेला दीड तास जागेवरून विमान हलल्यापासून ते पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे सरकणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर वळसे घेणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्ष हवेत असतो तो सव्वा तासाच्या आसपास. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना विमान थोडं लवकर पोचतं आणि मुंबईला येताना थोडं रेंगाळतं. अंतर तेच, वारा वेगळा. पुढे नदीनेही मला हाच धडा दिला.

खिडकीतून सह्याद्री दिसला तो ढगांच्या फटीतून, पाण्याने फुगलेली धरणं चमकताना. मग मराठवाड्यावर ढगांची गोधडी पसरलेली. साडेसातला नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर चाकं टेकली. मुंबई-नागपूर हवाई अंतर सुमारे ६८५ किलोमीटर. आता एक गंमत सांगते. मुंबई-चंद्रपूर हवाई अंतर काढलं तर तेही तितकंच, ६८० च्या घरात भरतं. पाखराला दोन्ही गावं सारखीच लांब. पण चंद्रपूरजवळ मोरव्याला आहे ती छोटी धावपट्टी, तिथे तिकीट काढून बसायचं विमान उतरत नाही. त्यामुळे नागपूरकर दीड तासात घरी आणि चंद्रपूरकराचे अजून तीन तास बाकी.

सोनेगावशी अंतराची एक जुनी आठवण जोडलेली आहे. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा तिचा मध्यबिंदू नागपूर होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून टपाल घेऊन निघालेली विमानं मध्यरात्रीच्या सुमारास इथे एकत्र येत, आपापसांत पोती बदलत आणि उजाडायच्या आत आपापल्या शहरी परतत. देशाच्या चार टोकांची पत्रं एका रात्रीत इकडची तिकडे होत. देशाच्या मधोमध असण्याचा असा उपयोग नागपूरने करून दिला.

हे मधोमध असणं दगडात कोरलेलंही आहे. सिव्हिल लाइन्सच्या बाजूला झिरो माईलचा खांब आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी नातं सांगणारा वालुकाश्माचा खांब आणि शेजारी उधळलेले चार घोडे. नागपूरला उतरून पुढे जाणारे बहुतेक प्रवासी इकडे वळत नाहीत. मी गाडी मुद्दाम वळवली, कारण तिथल्या षट्कोनी दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. हैदराबाद, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, आणि त्यांत आपलं चांदाही. चांदा १२५ मैल. म्हणजे २०० किलोमीटर.

आजच्या रस्त्याने नागपूर-चंद्रपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरतं. पन्नास किलोमीटर कुठे गेले? गावं तर जागची हलली नाहीत. त्या दगडात मला जुन्या वाटा दिसल्या, उताराची जागा शोधत नदीकाठाने लांब जाणाऱ्या, पाणी आणि मुक्काम पाहून वळणाऱ्या. पूल झाले, रस्ता सरळ झाला आणि चांदा जवळ आलं. दगडावरचा आकडा पाखराचा नव्हता, बैलगाडीचा होता.

ड्रायव्हर भाऊ उमरेडकडचे. मी त्यांना विचारलं, "चंद्रपूर किती किलोमीटर आहे हो?"

"किलोमीटर त दगडावर लिहिलं राहते मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही घंट्याचं विचारा. अडीच घंटे लागते, वरोऱ्याला चहा घेतला त तीन."

मुंबई-पुण्यात आपण तास म्हणतो, विदर्भात घंटा. आणि अंतर विचारलं की उत्तर घंट्यांतच येतं. पुढे जंगलात शिरल्यावर हे एककही बदललं, ते ओघाने येईलच.

वर्धा रोडने बुटीबोरी मागे पडली. दोन्ही अंगांनी पिवळं पडू लागलेलं सोयाबीन आणि फुलावर आलेली पराटी. जामला रस्ता फुटतो. एक फाटा हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. आम्हाला हिंगणघाटला जायचं नव्हतं, पण त्या फाट्यावर मी क्षणभर गाडी थांबवायला सांगितली. ज्या माणसाने भारत मोजायला घेतला, तो विल्यम लॅम्बटन हिंगणघाटला गेला. १८०२ मध्ये मद्रासजवळ त्याने साखळीने पहिली आधाररेषा मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. कोन मोजायचं त्याचं यंत्रच अर्ध्या टनाचं होतं. माणसं ते टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवत. हैदराबादहून नागपूरकडे येताना १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाटला त्याने देह ठेवला. त्याची कबर तिथेच आहे. आज फोनवर बोट ठेवताच अंतर दिसतं, त्याच्या मुळाशी अशी माणसांच्या खांद्यांवरून गेलेली मोजणी आहे.

वरोऱ्याला चहा झाला. बाबा आमट्यांचं आनंदवन इथलंच, आणि पुढच्या वाटेवर त्यांचं नाव पुन्हा भेटणार होतं. भद्रावती ओलांडली की वीजकेंद्राच्या चिमण्या दिसू लागतात आणि हवेत कोळशाचा वास येतो. पावणेबाराला चंद्रपूर. जटपुरा गेटच्या कमानीखालून आजही गावाची रहदारी जाते. गोंड राजांच्या या राजधानीचं चांदा हे नाव १९६४ पर्यंत सरकारी कागदावर होतं. जुनी माणसं अजून चांदाच म्हणतात.

चंद्रपूरला अंतराचं एक कोडं आहे. बल्लारशा-काजीपेठ रेल्वेमार्ग १९२९ मध्ये पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास सरळ रूळ जोडले गेले. तेव्हापासून चंद्रपूर-बल्लारपूरचा माणूस एका गाडीत बसून न उतरता दिल्लीला जातो, चेन्नईला जातो. पण आपल्याच जुन्या जिल्ह्यातल्या भामरागडला, एटापल्लीला, सिरोंच्याला जायला त्याला रूळ नाहीत. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात आगगाडी थांबते ती उत्तरेच्या टोकाला, वडसा-देसाईगंजला. तिथून गडचिरोलीपर्यंतच्या ५२ किलोमीटर रुळांचं काम चालू आहे.

२६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हा सगळा मुलूख एकच चंद्रपूर जिल्हा होता. सिरोंच्याच्या शेतकऱ्याला कलेक्टर कचेरीचं काम निघालं की चंद्रपूर गाठावं लागे. जिल्हा वेगळा झाला, कचेरी गडचिरोलीला आली, तरी सिरोंचा ते गडचिरोली रस्त्याने दोनशे किलोमीटरहून जास्तच आहे. पाखराला मात्र दीडशेच्या आत. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचा जिल्हा, त्यातला मोठा भाग जंगल, आणि मुख्यालय वरच्या टोकाला. गडचिरोलीचं अंतराचं दुखणं या मांडणीतच आहे.

आणि हेच सिरोंचा एके काळी स्वतः जिल्ह्याचं ठाणं होतं. अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा इंग्रजांनी केला होता. तो १८७४ मध्ये मोडून सिरोंचा चांद्याला जोडलं. त्या काळी नागपूर-वऱ्हाडचा कापूस प्राणहिता-गोदावरीवरून बोटींनी पूर्व किनाऱ्याला न्यायचा बेत होता. नदीतले खडकांचे अडथळे फोडायला, बंधारे बांधायला बरीच वर्षं आणि बराच पैसा गेला. तोवर १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, कापूस पश्चिमेला वळला आणि १८७१ मध्ये नदीचं काम बंद पडलं. तो जलमार्ग झाला असता तर सिरोंचा समुद्राला जोडलेलं बंदर झालं असतं. एका रुळाने ते राज्याचं शेवटचं टोक करून टाकलं. गावाचं लांब असणं जन्मजात नसतं, वाटा कुठून काढल्या यावर ते ठरतं.

नागपूरची गाडी मी चंद्रपूरहून परत पाठवली आणि दुपारी एकला अहेरीची एसटी धरली. पुढचं अंतर तिथल्या माणसांच्या वाहनातून मोजायचं मनात होतं. बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी. कोठारीच्या अलीकडे-पलीकडे रस्ता सागवनातून जातो आणि गाडीत ओल्या पानांचा वास भरतो. आष्टीला वैनगंगेचा पूल येतो. थोडं खाली चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते आणि दोघी मिळून प्राणहिता होतात. पाणी गढूळ, दोन्ही काठ भरून, मधूनच एखादा ओंडका वाहत चाललेला. पलीकडे गडचिरोली जिल्हा. आष्टी ते आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक समोरून एकामागून एक येत राहतात आणि प्रत्येकाला वाट देत एसटी कडेच्या चिखलात उतरते.

माझ्या शेजारी एक आजी होत्या. मांडीवर लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली स्टीलची डबी आणि पायाशी खताच्या गोणीत शिवलेलं तांदळाचं बोचकं. लेक बाळंत व्हायची होती, तिच्याकडे निघालेल्या. आलापल्लीच्या पुढे पेरमिलीच्या आत कुठेतरी गाव. मी विचारलं, "उतरल्यावर किती लांब आहे?" त्यांनी बोटं मोजली. "दोन नाले अन् एक टेकडी." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "नाल्याले पाणी असन त तीन नाले. मंग वरून फिरा लागते."

हेच ते एकक. मुंबईत किलोमीटर, नागपूरला घंटा, इथे नाला. आणि नाल्यांची संख्या पावसावर.

गोंडपिपरीपासून गाडीत एकच विषय चालला होता. कंडक्टर ताई तिकिटाच्या मशीनवर बोटं चालवत होत्या आणि प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्याला तोच प्रश्न विचारत होत्या, "पर्लकोटेचं काय?" उत्तरं जमत गेली. "सकाळी पुलाखाली होतं." "दुपारपासून चढून राह्यलं." "वरतं छत्तीसगडात लय पडला म्हणते." साडेचारला आलापल्लीत उतरले तेव्हा बातमी पक्की झाली होती. भामरागडच्या अलीकडची पर्लकोटा नदी पुलावरून वाहत होती आणि भामरागडची वाट बंद होती. राहिले होते जेमतेम पासष्ट किलोमीटर.

आलापल्ली सागाचं गाव. इथलं जुनं सागवन 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' या नावाने राखलेलं आहे, जैवविविधता वारसास्थळ म्हणून. याच टापूतलं लाकूड बल्लारपूरच्या आगारातून २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं. संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसले होते. बाहेर पाऊस थांबलेला, पण पन्हाळी गळत होती. टपरीवाले काका म्हणाले, "लाकूड अयोध्येले पोचलं बाई, आमचा पोरगा शनिवारचा निघाला तो भामरागडातच अडकून आहे." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सवय होती, आणि मला ती सवयच जास्त लागली.

रात्री भाच्याचा फोन लागला. "पुलावर कमरेइतकं आहे. रात्रीत पाऊस नाही झाला तर सकाळी उतरेल. तू झोप, मावशी." मी लॉजच्या खिडकीशी हिशेब मांडत बसले. पाखराला आलापल्ली-भामरागड पासष्टपेक्षाही कमी. माणसाला दोन तास. आज रात्री त्याचं उत्तर काहीच नव्हतं.

सकाळी ढग फाटले. साडेआठला काळी-पिवळी भरली. भरली म्हणजे आत अकरा आणि टपावर बोचकी. पेरमिली, ताडगाव. रस्ता आता काळा आणि बरा आहे. दोन्ही बाजूंनी साग, ऐन, मोह इतके दाटलेले की वर आकाशाची एक पट्टीच दिसते. मधूनच एखादा पाडा, कुडाच्या भिंती, परसात मक्याची ताटं, रस्त्याच्या कडेला डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया. गाडी नाल्यावर आली की चालक वेग कमी करून पाणी पाहतो आणि मगच पुढे घालतो. असं किती वेळा झालं ते मी मोजलं. सात.

मग हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ ला बाबा आमट्यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे इथे राहायला आले, तेव्हा पावसाळ्याचे महिने हा भाग जगापासून तुटलेला असे. दोघांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या दवाखान्याचं मोल त्या सकाळी वेगळ्या बाजूने कळलं. साप चावलेल्या माणसाजवळ किलोमीटर नसतात, मिनिटं असतात. चंद्रपूर किंवा नागपूरचं मोठं रुग्णालय कितीही चांगलं असलं तरी त्या मिनिटांत ते येत नाही. म्हणून इथला दवाखाना मोठा. छत्तीसगडच्या हद्दीतूनही माणसं चालत इथे येतात, कारण त्यांच्या पायांना हाच सगळ्यात जवळ आहे.

हेमलकशापासून भामरागड तीन किलोमीटर, आणि मध्ये तो पूल. पाणी उतरलं होतं. पुलावर बोटभर गाळ, त्यात पायांचे आणि चाकांचे पहिले ठसे. खांबांत बांबूची बेटं मुळासकट अडकलेली, एका फांदीवर कुणाचा तरी निळा सदरा. शेजारी नव्या उंच पुलाचे खांब उभे राहत होते. गाडी अलीकडेच थांबली. आम्ही सगळे उतरून चालत निघालो. पलीकडच्या टोकाला भाचा उभा होता, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"किती झाले?" त्याने पहिलं तेच विचारलं.

घड्याळात सव्वादहा. घरून निघून एकतीस तास झाले होते. पाणी नसतं तर आदल्या संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे पंधरा तासांत पोचले असते. एकतीस तासांत मुंबईहून लंडनला जाऊन, परत येऊन, पुन्हा लंडनची वाट धरता येते.

भामरागडच्या पलीकडे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम आहे. दुपारी आम्ही तिथे गेलो. तीन रंगांचं पाणी एकमेकांत शिरत होतं आणि समोरच्या काठावर छत्तीसगडचं जंगल. काठावर झाडाच्या खोडातून कोरलेला एक डोंगा उपडा घालून ठेवलेला. भाचा म्हणाला, "पूर आला की आमचं गाव बेट होतं. पावसाळ्याच्या आधीच रेशनचं धान्य आतल्या गावांना पोचवून ठेवतात. दिवस भरत आलेल्या बायांना आठ-दहा दिवस आधीच आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणून ठेवतात."

माहेरघर. या शब्दापाशी मी थांबले. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांशी जोडलेली ही सोय आहे. गरोदर बाई आणि तिच्या सोबतीचं माणूस आधी येऊन राहतं, म्हणजे कळा सुरू झाल्यावर नाले ओलांडायची वेळ येत नाही. अंतर कमी करता येत नसेल तर वेळ आधी घ्यायचा, अशी ही युक्ती. ज्या कुणाला ही सुचली त्याने खाटेच्या कावडीवरून नेलेली बाई पाहिली असणार. एसटीतल्या आजींची लेक मला आठवली. ती माहेरघरात असेल तर बरं, असं दिवसभर वाटत राहिलं.

पाखराची वाट माणसाला इथे मिळते ती निवडणुकीत. आतल्या केंद्रांसाठी मतदान पथकं हेलिकॉप्टरने सोडतात. गडचिरोली-भामरागड हवाई अंतर १०५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हेलिकॉप्टरला अर्धा-पाऊण तास. रस्त्याने तेच १८० च्या आसपास होतं आणि साडेचार-पाच तास जातात. पूर फार चढला तर एखाद्या रुग्णासाठीही हेलिकॉप्टर येतं. पण रोजच्या माणसाचं वाहन एसटीच आहे. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाड्याला अहेरीहून पहिली एसटी सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ ला. मुंबई ते लंडन विमानं उडू लागून किती काळ लोटला, आणि त्या गावाला तिकीट फाडून मिळणारी पहिली जागा आत्ता मिळाली. त्या दिवशी गर्देवाडा अहेरीच्या जवळ आलं, आणि म्हणून मुंबईच्याही.

ज्यांना इकडे यायचं आहे त्यांच्यासाठी माझा हिशेब सांगते. मुंबई-नागपूर विमान दीड तास. नागपूर-चंद्रपूर दीडशे किलोमीटर, तीन तास. चंद्रपूर-आलापल्ली एकशेवीसच्या आसपास, तीन ते साडेतीन. आलापल्ली-भामरागड पासष्ट, दोन तास. म्हणजे एकूण अंतराचा दोन तृतीयांश वाटा विमान तोडतं, पण वेळेचा फक्त सहावा हिस्सा घेतं. बाकी सगळा वेळ शेवटच्या तिसऱ्या वाट्याचा. रस्त्यानेच यायचं तर मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. तेव्हा नाले कोरडे असतात, धान कापलेलं असतं आणि वडशाकडून आलेली झाडीपट्टीची नाटकं गावोगाव रात्रभर चालतात. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. सिरोंच्याला जायचं असेल तर मंचेरियलचं रेल्वे स्टेशन जवळ पडतं. तिकडच्या नद्यांवर पूल झाल्यापासून सिरोंच्याचा बाजार आणि दवाखाना तेलंगणाकडे सरकला आहे.

तीन दिवस राहिले. निघायच्या आदल्या रात्री भाच्याने वर्गातला महाराष्ट्राचा नकाशा माझ्यापुढे धरला. "आता सांग, भामरागड मुंबईपासून किती लांब?"

मी म्हटलं, "त्या पुलाच्या उंचीइतकं." आणि हे मी खरंच मोजून सांगत होते. मुंबईकडच्या टोकाला महामार्ग रुंद केला, विमान आणखी वेगवान आणलं, तर माझा अर्धा तास वाचेल. पर्लकोटेवरचा पूल काही हात उंच झाला की पंधरा-सोळा तास वाचतात, आणि ते माझ्यासारख्या पाहुणीचे कमी, बाळंतिणीचे जास्त. राज्याची लांबी आडवी मोजतात. इथे ती उभी मोजावी लागते. म्हणून भामरागडचं अंतर मुंबईकडून मोजण्यापेक्षा भामरागडकडून मोजावं, पहिला आकडा पुलाचा लिहावा आणि विमानाचा शेवटी.

परतीला पहाटेची मुक्कामी एसटी होती. रात्री गावात थांबलेल्या गाडीच्या काचांवर दव साचलं होतं. दप्तरं घेतलेल्या दोन मुली, कोंबड्यांची पाटी घेतलेला एक गडी, मी, आणि झोपेतून उठून आलेले आणखी सात-आठ जण. पुलाच्या अलीकडे चालकाने गाडी उभी केली. कंडक्टर ताई उतरल्या, कठड्यापाशी गेल्या, वाकून खांबावरची ओल पाहिली. पाणी खूप खाली होतं, तरी त्यांनी पाहिलं. परत चढल्या, दार ओढलं आणि दोनदा घंटी मारली.

गाडी पुलावर आली तेव्हा उजाडत होतं. मुंबईत अजून अर्धा तास अंधार होता.